विश्लेषण : वडील गेले, पैसे संपले, लोकांनी वर्गणी काढली... स्वित्झर्लंडचा सुतार डाउनहिलचा राजा कसा झाला?

मिलान-कॉर्टिना हिवाळी ऑलिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक ७ फेब्रुवारी २०२६ रोजी इटलीतील बोर्मिओच्या उतारावर ठरले. पुरुषांच्या डाउनहिल शर्यतीतील हे पदक स्वित्झर्लंडच्या २४ वर्षीय फ्रान्यो फॉन आल्मेनने पटकावले. त्यानंतरच्या चार दिवसांत त्याने सांघिक कम्बाइंड आणि सुपर-जी अशी आणखी दोन सुवर्णपदके जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची तीन सुवर्णपदके मिळवणारा तो ऑस्ट्रियाचे टोनी सायलर (१९५६) आणि फ्रान्सचे ज्याँ-क्लोद किली (१९६८) यांच्यानंतरचा केवळ तिसरा पुरुष.

हाच फ्रान्यो १७ वर्षांचा असताना त्याची कारकीर्द पैशांअभावी जवळपास थांबली होती. तेव्हा तो ज्या पद्धतीने वाचला ती कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकाला अजिबात अनोळखी वाटणार नाही.

कोण आहे फ्रान्यो फॉन आल्मेन?

फ्रान्योचा जन्म जुलै २००१ मधला. गाव बोल्टिगेन, बर्न कॅन्टनमधील सिमेनटाल खोऱ्यातले. हे खोरे दोन गोष्टींसाठी जगाला माहीत आहे. एक म्हणजे सिमेनटाल जातीच्या गाई. आपल्याकडे जशा जर्सी आणि होल्स्टिन, तशी ही दूध आणि मांस दोन्हींसाठी जगभर पाळली जाणारी जात. दुसरी गोष्ट हिंदी सिनेमावाल्यांना जास्त जवळची. बोल्टिगेनहून त्याच रेल्वेमार्गावर दहाएक किलोमीटर पुढे गेले की त्स्वाइझिमेन स्थानक लागते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधले काही प्रसंग याच स्थानकावर आणि पुढे सानेन-गस्टाड परिसरात चित्रित झाले. मुंबईच्या मराठा मंदिरात १९९५ पासून हा सिनेमा पाहणाऱ्यांनी फ्रान्योचा मुलूख नकळत अनेकदा पाहिला आहे.

सिनेमात दिसते ती हिरवळ. हिवाळ्यात या खोऱ्यातल्या पोरांना चालता येऊ लागले की पायात स्की येतात. गावाच्या वरच याउन घाटात स्कीचे उतार आहेत. फ्रान्योही असाच शिकला. यात वेगळे काही नाही. स्विस डोंगराळ गावात स्की करणारा मुलगा म्हणजे आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणारा मुलगा. वेगळेपण पुढे आहे.

नेमके काय घडले होते?

फ्रान्यो १७ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांचे अचानक निधन झाले. घरावर दुःख कोसळले आणि त्याबरोबर हिशेबही. कनिष्ठ गटातल्या स्कीपटूचा खर्च बहुतांशी आई-वडीलच उचलतात. सराव शिबिरे, प्रवास, राहणे, लिफ्टचे पास, एका हंगामात लागणाऱ्या स्कीच्या अनेक जोड्या, या सगळ्याचा तो खर्च. डाउनहिलसाठी वेगळी स्की, सुपर-जीसाठी वेगळी, जायंट स्लालमसाठी आणखी वेगळी आणि प्रत्येकीची सरावाची जोडी निराळी. कुटुंबाला हे पेलणे शक्य नव्हते.

मग ऑनलाइन लोकवर्गणी काढली गेली. इंग्रजीत त्याला क्राउडफंडिंग म्हणतात, पण वर्गणी हा शब्दच जास्त खरा आहे. ओळखीच्या-अनोळखी लोकांनी थोडेथोडे पैसे घातले आणि तो हंगाम निभावला. सोबत फ्रान्योने सुतारकामाचे शिक्षणही पूर्ण केले. सुतार म्हणजे खुर्च्या-टेबले करणारा नव्हे. घराचे लाकडी सांगाडे आणि छपराच्या तुळया उभ्या करणारा बांधकामावरचा सुतार. स्वित्झर्लंडमध्ये शाळा संपल्यावर बहुसंख्य मुले अशी कामावर राहून शिकण्याची वाट धरतात. आठवड्यातले काही दिवस कामावर आणि उरलेले वर्गात. आपल्या आयटीआयशी तुलना करता येईल, फक्त तिथे या वाटेला कुणी कमी लेखत नाही.

खाशाबांची आठवण का यावी?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पॅरिस २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेच्या वडिलांनीही मुलाच्या सरावासाठी कर्ज काढले होते.

गोळेश्वर आणि बोल्टिगेन यांची बरोबरी करता येणार नाही. स्वित्झर्लंड जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक आहे आणि फ्रान्योचे घर भारतीय अर्थाने गरीब नव्हते. ‘गरिबीतून वर आलेला’ हे विशेषण त्याला चिकटवणे चुकीचे ठरेल. पण म्हणूनच ही गोष्ट जास्त विचार करायला लावते. एवढा पैसा, एवढे डोंगर आणि स्कीइंगची एवढी परंपरा असलेल्या देशातही एका घरातला एक कमावता माणूस गेला की भावी ऑलिम्पिक विजेता खेळाबाहेर जाण्याच्या बेतात येतो. फ्रान्योची वर्गणी जमली. ज्यांची जमली नाही, त्यांची नावे आपल्याला कधीच कळत नाहीत. कारण ती निकालपत्रकात येतच नाहीत.

डाउनहिल म्हणजे काय?

अल्पाइन स्कीइंगमध्ये चार मुख्य प्रकार आहेत. स्लालम आणि जायंट स्लालम हे वळणांचे, तर सुपर-जी आणि डाउनहिल हे वेगाचे. स्लालममध्ये दोन फेऱ्यांची वेळ मिळवली जाते. डाउनहिलमध्ये एकच फेरी. चुकलात तर दुसरी संधी नाही. त्यामुळेच शर्यतीआधीच्या दिवसांत प्रत्यक्ष मार्गावर किमान एक सराव फेरी सक्तीची असते. अल्पाइनमधला दुसरा वेगाचा प्रकार, सुपर-जी, ही मुभा देत नाही, आणि ती काही लाड म्हणून दिलेली नाही. न पाहिलेल्या उतारावर या वेगाने उतरणे जिवावर बेतू शकते.

या वर्षी चर्चेत आलेला सांघिक कम्बाइंड हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नवा. एका देशाचा एक खेळाडू डाउनहिल करतो, दुसरा स्लालम आणि दोघांची वेळ मिळवली जाते. फ्रान्योने यात तान्गी नेफच्या जोडीने सुवर्ण जिंकले.

वेगाचे गणित कसे?

बोर्मिओचा ‘स्टेल्व्हिओ’ मार्ग साधारण ३.४ किलोमीटर लांबीचा आहे. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीत सुमारे एक हजार मीटरचा फरक. बारावीच्या भौतिकशास्त्रातले सूत्र लावून पाहा. कोणतेही घर्षण नसेल तर एक हजार मीटर खाली आलेल्या वस्तूचा वेग ताशी ५०० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात डाउनहिलमधला वेग ताशी १४०-१५० च्या पुढे क्वचित जातो. म्हणजे डोंगराने दिलेल्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाटेतच खर्च होते. ती हवा खाते, बर्फ खातो आणि प्रत्येक वळण खाते. डाउनहिल हा वेग मिळवण्याचा खेळ आहे असे वाटते, पण वेग डोंगर फुकट देतो. खेळाडूचे कौशल्य तो कमीत कमी गमावण्यात आहे.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणून स्कीपटू गुडघ्यात वाकून, हात पुढे घेऊन अंड्यासारखा आकार करतात. नुसता एक हात तोल सावरायला बाहेर आला, तरी सेकंदाचे काही शतांश गेले. वजनदार खेळाडूला इथे थोडा फायदा असतो. खाली ओढणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण हवेला अडणारा छातीचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. डाउनहिलचे खेळाडू धिप्पाड दिसतात ते यामुळे.

आता वळण. समजा ताशी १०८ किलोमीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे आहे. बाजूला लागणारे बल गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पटींहून जास्त भरते. गुरुत्वाकर्षण धरून ८० किलोच्या खेळाडूच्या पायांवर जवळपास २०० किलोंचा भार येतो आणि त्यातला बराचसा एकाच, बाहेरच्या पायावर. तोही मऊ बर्फावर नव्हे. शर्यतीच्या मार्गात पाणी सोडून तो मुद्दाम गोठवलेला असतो. टीव्हीवर पांढरा मऊ गालिचा दिसतो, प्रत्यक्षात ती काचेसारखी टणक फरशी असते. पोलादी कडा त्यात रुतली तरच वळण, नाही तर सरळ जाळी.

बोर्मिओत फ्रान्योने १ मिनिट ५१ सेकंदांत हा मार्ग पार केला. म्हणजे सरासरी ताशी ११० किलोमीटर, तेही वळणे आणि उड्या धरून. रौप्य मिळवणारा इटलीचा जोव्हानी फ्रान्झोनी ०.२० सेकंदाने मागे राहिला. अंतरात मोजले तर साडेतीन किलोमीटरच्या शेवटी फक्त सहा मीटर. कांस्यपदकही इटलीलाच, डॉमिनिक पॅरिसला मिळाले.

विक्रमच सांगायचा तर ताशी १६१.९ किलोमीटरचा. फ्रान्सच्या योहान क्लारेने २०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेंगेनमधील लाउबरहॉर्न शर्यतीत तो नोंदवला. साडेचार किलोमीटरच्या आसपासची ही वर्ल्ड कपमधली सर्वांत लांब डाउनहिल. अडीच मिनिटे लागतात. शेवटच्या वळणापर्यंत मांड्यांनी जवळजवळ संप पुकारलेला असतो आणि मोठे अपघात होतात ते तिथेच.

इतक्या लवकर शिखरावर कसा पोहोचला?

२०२२ च्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत फ्रान्योला रौप्यपदके मिळाली तेव्हा स्विस संघाबाहेर त्याचे नाव फार कुणाला माहीत नव्हते. वर्ल्ड कपमध्ये तो आला २०२३-२४ च्या हंगामात. इथे एक गोंधळ दूर केलेला बरा. क्रिकेट-फुटबॉलचा वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो, स्कीइंगचा वर्ल्ड कप म्हणजे दर हिवाळ्यात महिनोन् महिने चालणारी शर्यतींची मालिका. विजेत्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी आणि ती दोन वर्षांतून एकदा होते.

जानेवारी २०२४ मध्ये गार्मिशच्या सुपर-जीत तिसरा क्रमांक मिळवून तो पहिल्यांदा पोडियमवर आला. त्या वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबरला याच बोर्मिओत, डाउनहिलमध्ये तो दुसरा आला. पहिला होता त्याचाच संघसहकारी अलेक्सिस मोने. १७ जानेवारी २०२५ ला वेंगेनमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर सुपर-जी जिंकून पहिला वर्ल्ड कप विजय. दुसऱ्याच दिवशी लाउबरहॉर्न डाउनहिलमध्ये दुसरा. तिथे पुढे होता मार्को ओडरमॅट.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी ऑस्ट्रियातील झालबाखमध्ये फ्रान्यो डाउनहिलचा जगज्जेता झाला. ऑस्ट्रियाच्या व्हिन्सेंट क्रिखमायरला त्याने त्याच्याच देशात ०.२४ सेकंदाने हरवले. विशेष म्हणजे तोपर्यंत फ्रान्योने वर्ल्ड कपची एकही डाउनहिल जिंकलेली नव्हती. आधी विश्वविजेतेपद, मग क्रां-मोंताना आणि क्विटफ्येलला वर्ल्ड कप विजय, असा उलटा क्रम. तीनच दिवसांनी लोइक मेयारच्या साथीने त्याने सांघिक कम्बाइंडचेही सुवर्ण मिळवले. त्या शर्यतीत तिन्ही पदके स्वित्झर्लंडच्या तीन जोड्यांनी नेली.

पहिल्या पोडियमपासून विश्वविजेतेपदापर्यंत जेमतेम एक वर्ष. डाउनहिलमध्ये हे दुर्मीळ आहे. या खेळात अनुभवाला फार किंमत असते, कारण प्रत्येक डोंगर वेगळा आणि तो अंगात मुरायला अनेक हंगाम लागतात. पॅरिस पस्तिशी ओलांडूनही ऑलिम्पिक पदक मिळवतो ते त्यामुळेच.

यामागे एक कारण नक्की दिसते. फ्रान्यो ज्या संघात सराव करतो तिथे जगातला सर्वोत्तम अष्टपैलू स्कीपटू त्याच्याबरोबर रोज असतो. ओडरमॅट, मोने, श्टेफान रोगेंटिन अशा खेळाडूंशी सरावात तुलना होत राहिली की आपण कुठे सेकंदाचे दोन शतांश घालवतो ते त्याच संध्याकाळी व्हिडीओवर दिसते. मुंबईच्या मैदानांवर एकेकाळी फलंदाज असेच घडत. नेट्समधला गोलंदाज सामन्यातल्यापेक्षा कठीण असायचा. स्विस डाउनहिल संघाची सध्या तीच अवस्था आहे. बोर्मिओत ओडरमॅट स्वतः चौथा आला, सुपर-जीमध्ये त्याला कांस्यावर समाधान मानावे लागले. दोन्ही वेळा सुवर्ण त्याच्याच खोलीशेजारच्या पोराकडे गेले असे म्हटले तरी चालेल.

आणि शैली? ओडरमॅट वळण आधी ओळखतो, मार्ग आखून उतरतो. फ्रान्यो स्कीला मोकळे सोडतो. तो तोल जाईल अशा कोनात जातो आणि मग ताकदीने बाहेर येतो. पाहताना काळजी वाटते. घड्याळ मात्र हिरवे असते.

जिवाचा धोका किती?

खूप. हे टाळून त्याच्या यशाबद्दल लिहिणे प्रामाणिक होणार नाही. बोर्मिओत डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्यो दुसरा आला, त्याच्या आदल्याच दिवशी त्याच मार्गावर सराव फेरीत फ्रान्सचा सिप्रियां साराझां कोसळला होता. डोक्यात रक्तस्राव झाल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. किट्झब्युलचा अवघड मार्ग एकाच हंगामात दोनदा जिंकणारा तो खेळाडू. नॉर्वेचा अलेक्झांडर आमोट किल्डे जानेवारी २०२४ मध्ये लाउबरहॉर्नच्या अखेरच्या वळणावर जाळीत गेला. खांदा निखळला, स्वतःच्याच स्कीच्या कडेने पोटरी खोल चिरली गेली. त्याला परतायला नोव्हेंबर २०२५ उजाडले.

हे दोघे निदान वाचले. इटलीची १९ वर्षांची मातिल्दे लोरेन्झी ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि २५ वर्षांचा मातेओ फ्रान्झोसो सप्टेंबर २०२५ मध्ये सरावातल्या अपघातांनंतर दगावले. दोन्ही वेळा शर्यत नव्हती, सराव होता. शर्यतीत जाळ्यांच्या रांगा असतात, हेलिकॉप्टर असते, प्रत्येक वळणावर माणूस असतो. सरावात तेवढे नसते. त्याचे कारणही पुन्हा पैसाच. उतार एकट्या संघासाठी बंद ठेवणे, त्याच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर सुरक्षा जाळ्या लावणे परवडत नाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून वर्ल्ड कपच्या वेगाच्या शर्यतींत अंगरख्याखालची एअरबॅग सक्तीची केली. तोल पूर्ण गेल्याचे सेन्सरना कळले की ती क्षणार्धात फुगते आणि पाठ-छाती सावरते. मोटरसायकल शर्यतींतून आलेले हे तंत्र. पाऊल योग्य आहे, पण डोके आणि गुडघे यांना त्यातून काही मिळत नाही. शर्यतीइतकीच सुरक्षा सरावाच्या उतारांवरही बंधनकारक करणे हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठी लागणारा खर्च कोण उचलणार यावर तो अडतो.

फ्रान्झोसोचा अपघात झाला तो चिलीतल्या ला पार्वा इथे. युरोपातला खेळाडू दक्षिण अमेरिकेत काय करत होता? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिकडे हिवाळा असतो म्हणून. पूर्वी उन्हाळी सराव आल्प्समधल्या हिमनद्यांवर व्हायचा. आता त्या आटत आहेत. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपले दहा टक्के बर्फ गमावले. मॅटरहॉर्नच्या कुशीत, झरमॅट ते चेर्व्हिनिया अशी दोन देश जोडणारी डाउनहिल मोठ्या थाटात आखली गेली होती. दोन वर्षे लागोपाठ तिथली एकही शर्यत होऊ शकली नाही आणि अखेर ती वेळापत्रकातूनच गेली. बर्फ जितके दूर जाईल तितका विमानप्रवास वाढेल. आज १७ वर्षांच्या कुणा फ्रान्योच्या घरी येणारे बिल त्या फ्रान्योच्या काळापेक्षा लहान नसणार.

इतर देश काय करतात? भारताचे काय?

इटली आणि ऑस्ट्रियात अव्वल स्कीपटूंना लष्कर, पोलीस किंवा सीमाशुल्क दलात नोकरी मिळते. पगार सरकारचा, काम स्कीइंगचे. आपल्या सेनादल आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यासारखेच हे. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंसाठी खास तुकडी आहे. ब्रिग, एन्गेलबर्ग आणि दावोस इथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रे आहेत. यंत्रणा उत्तम आहे. पण तिच्या वरच्या पायऱ्यांवर पोहोचेपर्यंतचा जिना घरच्यांनी स्वतःच्या पैशांनी चढायचा असतो. वयाच्या १५ ते १९ या काळात, म्हणजे खर्च सर्वांत जास्त आणि बक्षिसे जवळपास शून्य असताना, गळती होते. फ्रान्यो नेमका याच पायरीवर अडकला होता. तिथे मदत नशिबावर आणि दानशूरांवर सोडण्यापेक्षा स्की महासंघाने घरच्या उत्पन्नानुसार खर्च वाटून घेणे जास्त शहाणपणाचे ठरेल. तीन सुवर्णपदकांनंतर हा युक्तिवाद स्विस महासंघाला समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

भारतात हा जिनाच नाही. बर्फ आहे, डोंगर आहेत, गुलमर्ग आणि औली आहेत. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की साहित्याचे दुकान, म्हणून पायात स्की लवकर आल्या. २०१८ च्या ऑलिम्पिकची पात्रता मात्र त्याच्या हातून निसटली. त्यासाठी त्याने ऑनलाइन मदत मागितली होती, ती पुरी पडली नाही. सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळलेल्या ल्यूजपटू शिवा केशवननेही सोचीपूर्वी लोकांकडूनच पैसे गोळा केले होते. त्यापैकी कुणीही डाउनहिलपटू नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. स्लालमला शंभर-दोनशे मीटर उंचीचा उतार पुरतो. ऑलिम्पिक दर्जाच्या पुरुष डाउनहिलला किमान ८०० मीटर उंचीचा फरक, दोन्ही बाजूंना जाळ्या, गोठवलेला मार्ग आणि वर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर हवे. २१८ सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीची स्कीसुद्धा चालत नाही.

पुढे काय?

फ्रान्यो २४ वर्षांचा आहे. डाउनहिलपटूचे उमेदीचे वय साधारण २६ ते ३२ मानले जाते. म्हणजे शिखर अजून पुढेच असू शकते. ऑलिम्पिक डाउनहिल जिंकणाऱ्या स्विस पुरुषांच्या यादीत बर्नहार्ड रूसी (१९७२), पिर्मिन त्सुरब्रिगेन (१९८८), दिदिए देफागो (२०१०) आणि बेआट फॉइट्स (२०२२) यांच्यानंतर त्याचे नाव लागले आहे. यातले फॉइट्स त्याच्याच बर्न कॅन्टनमधले. गुडघ्याच्या दुखापतींमुळे कारकीर्द संपता संपता वाचलेले फॉइट्स ३४ व्या वर्षी ऑलिम्पिक विजेते झाले आणि वर्षभरात निवृत्त झाले.

पण काही गोष्टी बाकी आहेत. किट्झब्युलची ‘श्ट्राइफ’ जिंकल्याशिवाय डाउनहिलपटूला आल्प्समध्ये पूर्ण मान मिळत नाही. ८५ टक्के उताराची ‘उंदीरसापळा’ नावाची उडी सुरुवातीच्या काही सेकंदांतच येते. हंगामभराच्या गुणांवर मिळणारा डाउनहिलचा स्फटिकगोल ओडरमॅटने वर्षामागून वर्षे सोडलेला नाही. एका दिवशी सर्वांत वेगवान असणे फ्रान्योला येते हे दोन मोठ्या स्पर्धांत सिद्ध झाले. नोव्हेंबर ते मार्च, दर आठवड्याला नव्या डोंगरावर आणि न पडता ते करून दाखवायला त्याला अजून वेळ आहे. तोवर गुडघे शाबूत राहिले पाहिजेत.